बिछान्याखालची बॅटरी

दीपमालाचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ती भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये वायरमनचं शिकत होती. नव्या गावठाणात विजेचे खांब आधी आले आणि तारा दीड वर्षानं. "खांबाले काय चाटाचं?" असं बायजाबाई जो येईल त्या साहेबाला विचारायच्या. बायजाबाई म्हणजे दीपमालाची मोठमाय, तिच्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. आईवडील लवकर गेल्यावर त्यांनीच पोरीला वाढवलं, शिकवलं, आणि "बाईमाणूस खांबावर चढते का?" म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तरं दिली.

बत्तीस वर्षांची दीपमाला आता पवनी तालुक्यात ओळखीची झाली होती. घरांची वायरिंग, शेतातले सोलर पंप, इन्व्हर्टर, सगळं ती करायची. तिचं नाक फार तिखट. मोटर उघडायच्या आधीच जळक्या वासावरून ती सांगायची, गुंडाळी गेली की नुसती तार. लोक हसायचे, पण बोलावताना तिलाच बोलवायचे.

बायजाबाई धरणाच्या पाण्याकाठी झिंगे विकत. मासेमारी करणाऱ्या ढिवरांकडून ताजे झिंगे घ्यायचे, उन्हात कडक वाळवायचे आणि रस्त्याच्या वळणावर टोपली घेऊन बसायचं. धरण बघायला आलेले लोक हटकून घेत. बारा वर्षं तीच जागा, तेच आंब्याचं झाड.

मग त्या झाडापासून हाकेच्या अंतरावर भैय्याजींनी आपली गाडी आणून उभी केली. भैय्याजी भंडाऱ्याचे ठेकेदार. एका जुन्या मिनीबसचं त्यांनी मोटरहोम करून घेतलं होतं. आत पलंग, छोटं स्वयंपाकघर, संडास, एसी, आणि टपावर दोन सोलर पॅनल. नागपूरचे लोक शनिवार-रविवार येऊन राहायचे. गाडीची देखरेख गोपीचंद करायचा, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि बोलताना अर्धे शब्द गालातच.

एप्रिलमधल्या एका दुपारी बायजाबाई लवकर घरी आल्या. टोपली रिकामी होती, पण विकल्याचा आनंद चेहऱ्यावर नव्हता. त्या न्हाणीत गेल्या आणि साबणानं हात धूत राहिल्या. दीपमाला जवळ गेली तर लुगड्याला फिनाईलचा वास.

"मोठमाय, काय झालं?"

"काही नाही. पडलं हातून."

"तू कायले फिनाईल घेशील हातात?"

मग हळूहळू बाहेर आलं. गोपीचंद आला होता. म्हणाला, गिऱ्हाईक तक्रार करून राहिले, गाडीत घाण वास येते, तुझ्या झिंग्याचा आहे, ऊठ. बायजाबाई उठल्या नाहीत. त्यानं बाटली आणून भरल्या टोपलीवर ओतली. वर म्हणाला, "तुमचं राहणंच तसं आहे." आजूबाजूला चार माणसं उभी होती.

दीपमालाला त्या रात्री जेवण गेलं नाही. भाताचा घास तोंडाशी नेला की तो फिनाईल घातलेला ढीग दिसायचा, आणि त्यावर वाकलेला खर्ऱ्याचा गाल. राग आला असता तर ती भांडली असती. हे रागापेक्षा वाईट होतं. तिनं ताट तसंच झाकून ठेवलं.

आठ दिवसांनी भैय्याजींचा फोन तिलाच आला. उन्हाळ्यात एसी तासाभरातच बंद पडतो, अजून चार पॅनल टाकायचे आहेत, बॅटऱ्या दुप्पट करायच्या आहेत, सामान येऊन पडलं आहे, उद्याच ये. बायजाबाई तिच्या कोण लागतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. दीपमाला नाही म्हणणार होती. बायजाबाईंनीच अडवलं.

"जा. काम कामाच्या जागी. तू नाही गेली तर ते म्हणतीन, जमत नसन बाईले."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती पोचली. आंब्याखालची जागा स्वच्छ झाडलेली होती आणि तिथं प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर नागपूरचं एक वयस्क जोडपं बसलं होतं. निर्मलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान. निर्मलाबाई रुमाल नाकाशी धरून होत्या. रात्री दोनदा उलटी झाली, डोकं ठणकतं आहे, असं त्या भैय्याजींना सांगत होत्या.

"माशेवाल्यायचा वास मॅडम," भैय्याजी म्हणाले. "हाकललं आम्ही, पण जमिनीत मुरला आहे."

दीपमाला ते ऐकून न ऐकल्यासारखं करून शिडीनं टपावर चढली. पॅनल ठीक होते, पण त्यांच्या तारा बघून ती थबकली. पॅनल आणि बॅटरीच्या मधे एक कंट्रोलर लागतो. बॅटरी भरली की तो चार्जिंग थांबवतो. इथं तारा त्याला वळसा घालून थेट खाली गेल्या होत्या. म्हणजे दिवसभर ऊन बॅटरीत कोंबलं जात होतं, तिचं पोट भरलं की नाही हे न बघता.

ती खाली उतरून गाडीत शिरली. आत गुलाबाच्या अत्तराचा फवारा मारला होता, खिडक्या घट्ट बंद, आणि अत्तराच्या खालून तो वास आला. सडक्या अंड्याचा. झिंग्यांचा वास तिनं जन्मभर घेतला होता. हा त्याचा लांबचा नातेवाईकही नव्हता. तिनं गादी बाजूला केली आणि पलंगाची फळी उचलली.

खाली दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या. एक फुगून वाकडी झालेली, बाजूंना ओलं, झाकणांतून बुडबुड्यांचा आवाज. उकळत होती अक्षरशः. लाकूड आम्लानं काळं पडलं होतं, गादीच्या खालच्या कापडाला भोकं पडली होती. त्याच गादीवर ती म्हातारी माणसं रात्रभर झोपली होती, नाकापासून हातभर अंतरावर हा खदखदता डबा ठेवून. दीपमालानं ओढणी नाकावर ओढली.

तेवढ्यात दारात गोपीचंद आला. वास कमी करायला त्यानं उदबत्तीचा पुडा आणला होता. त्यानं काडी पेटीवर टेकवली मात्र, दीपमालानं त्याच्या हातावर असा फटका मारला की पेटी बाहेर मातीत जाऊन पडली.

"काडी नको ओढू! गॅस भरला आहे इथं. उडशीन!"

"काय बाई, मारते काहून?"

"बाहेर हो. कोणतंच बटन नको दाबू. सगळे दूर व्हा गाडीपासून!"

तिनं खिडक्या, दारं, टपावरची झडप, सगळं उघडलं. पॅनलवर ताडपत्री टाकली, म्हणजे ऊन बंद, वीज बंद. मग तासभर कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. गाडीतला वास ओसरल्यावर हातमोजे घालून तिनं तारा सोडवल्या. बॅटरी निवायला दुपार टळली. निवल्यावर तिनं आणि गोपीचंदनं ती उचलून बाहेर मातीवर ठेवली. तिच्या ओढणीला तीन भोकं पडली.

भैय्याजी तिला बाजूला घेऊन गेले. आवाज गोड केला. "अगं, मले माहीत आहे बॅटरीचं. गोपीचंदनं मागच्याच महिन्यात सांगतलं होतं. म्हणून तर नव्या आणल्या. तू त्या दोन तिथंच बसव, बाजूले या दोन राहू दे. चार झाल्या की काम खतम."

दीपमालानं हातमोजे काढले. "मागच्या महिन्यात माहीत होतं?"

"हो ना."

"मग मोठमायच्या झिंग्यावर फिनाईल काहून ओतलं?"

भैय्याजींना क्षणभर संदर्भच लागला नाही. लागला तेव्हा ते हसले. "ती तुझी मोठमाय होय? अगं, गिऱ्हाइकाले काही तरी सांगा लागते ना. माशेवाली आहे म्हटलं की पटते लोकांले."

इतकं सरळ. चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. फिनाईल ओतणारा गोपीचंद तिला किळसवाणा वाटला होता, पण त्याला निदान हुकूम होता. या माणसाच्या इस्त्रीच्या सदऱ्याला बघून तिला वाटलं, याच्या अंगावरून हात फिरवला तर हाताला काही तरी चिकटेल.

ती थेट निर्मलाबाईंकडे गेली. फुगलेल्या बॅटरीकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, तुमची उलटी त्याच्यानं झाली. माशानं नाही. दवाखान्यात जाऊन या. आणि जिले इथून हाकललं, ती माझी मोठमाय आहे."

निर्मलाबाईंनी रुमाल खाली घेतला. "अरे देवा. म्हणजे आपण फोनवर तक्रार..." त्या यजमानांकडे वळल्या. म्हणजे हे जोडपं आधीही येऊन गेलं होतं, आणि वासाची तक्रार यांचीच होती.

यजमान उठले. "चल, उगाच कशाला त्यांच्या भानगडीत पडायचं." मग भैय्याजींकडे बघून, "आजचे पैसे मात्र परत द्या."

निर्मलाबाई काही बोलतील म्हणून दीपमाला थांबली. त्यांनी पर्स उचलली आणि त्या कारमध्ये जाऊन बसल्या. काच वर गेली.

दीपमालानं अवजारं पिशवीत भरली. जाताना भैय्याजींना सांगितलं, "जुन्या-नव्या बॅटऱ्या एकत्र जोडाच्या नाही, नव्याही खराब होतीन. बॅटऱ्या गाडीच्या मागं, बाहेरून पेटीत, हवा खेळती ठेवून बसवा. कंट्रोलर लावा. मी नाही करत. माझा हातच लागत नाही तुमच्या गाडीले."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. बायजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मले का माहीत नोहोतं? माझ्या झिंग्याचा वास मले नाही समजत?"

"मग तिथं बोलली काहून नाही?"

"बोलली ना. कोणी आयकलं? बाटली त्याच्या हातात होती."

महिनाभरानं कळलं की नागपूरच्या कारागिरानं काम केलं. सहा पॅनल, नव्या बॅटऱ्या मागच्या बाजूला बाहेरून, जाळीच्या पेटीत, दीपमालानं सांगितलं होतं अगदी तसंच. भैय्याजींनी मोबाईलवर जाहिरात फिरवली. त्यात ते स्वतः पेटीवर हात ठेवून उभे होते आणि खाली लिहिलं होतं, 'तुमची सुरक्षा, आमची जबाबदारी'. तालुक्यातल्या दोघा-तिघांना त्यांनी सांगितलं, ती बाई काम अर्धं टाकून जाते. पावसाळाभर दीपमालाचे फोन कमी झाले. दिवाळीनंतर उन्हाळी धानाच्या हंगामात पंप बिघडले तेव्हा पुन्हा सुरू झाले.

भैय्याजींनी एकदा गोपीचंदकडून निरोपही धाडला, म्हातारीनं पाहिजे तर यावं, फक्त टोपलीवर झाकण ठेवावं आणि गिऱ्हाईक दिसलं की आडोशाला व्हावं. बायजाबाईंनी तो ऐकून घेतला आणि दार लावलं. त्या आता कोंढा गावच्या बाजारात बसतात. धरणापेक्षा विक्री निम्मीच होते.

दीपमाला कामासाठी त्या रस्त्यानं अजून जाते. मोटरहोम वळणावरच असते, टप चकचकीत, एसीची घरघर चालू. आता त्या गाडीला कसलाच वास येत नाही हे तिला ठाऊक आहे. तरी वळण आलं की ती ओढणी नाकावर घेते आणि गाडी मागं पडेपर्यंत स्कूटीवर श्वास रोखून बसते.