गरम पाण्यात दहा मिनिटं

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. हजर: मी, माझा नवरा मिलिंद आणि मुलगी ईरा (वय चौदा, शरीराने हजर, कानांत हेडफोन). स्थळ: न्यूझीलंडमधल्या कोरोमंडलचा हॉट वॉटर बीच. विषय: माझी विश्रांती.

विश्रांतीची वेळ येण्याचं कारण असं, की महिन्यापूर्वी एका सकाळी माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या ऑफिसात मी दारावरच्या यंत्राला आयकार्डाऐवजी पोळीभाजीचा डबा लावला. एवढ्यावर भागलं असतं. पण दार उघडेना, म्हणून मी डबा उलटा करून लावला. मग झाकण काढून लावला. आणि मग भेंडीच्या भाजीशेजारी जमिनीवर बसून रडले.

डॉक्टरीणबाईंनी ‘बर्नआउट’ असं निदान केलं, रजा लिहून दिली आणि म्हणाल्या, “वीकेंडला बाहेर जा. मजा करा.”

“मजेत नक्की काय काय येतं?” मी वही उघडली.

पहिल्या वीकेंडला आम्ही रोटोरुआला गेलो. एका दिवसात चौदा ठिकाणं! सोमवारी मिलिंदने आजारपणाची रजा टाकली. हे ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझी वही स्वतःच्या हाताने मिटवली. “एकच गृहपाठ. कुठेतरी दहा मिनिटं काहीही न करता बसायचं. जमलं, तर पुढच्या मंगळवारी कामावर जायचं पत्र देते. नाही जमलं, तर आणखी दोन आठवडे घरी.”

आणखी दोन आठवडे घरी! घरातले मसाल्याचे डबे माझे अक्षरांच्या क्रमाने लावून झाले होते. दोनदा. (एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत.)

म्हणून हॉट वॉटर बीच. इथे ओहोटीच्या वेळी वाळूत खड्डा खणायचा. खालून गरम पाणी वर येतं, त्यात बसायचं. ओहोटीच्या आधी दोन तास, नंतर दोन तास. मग समुद्र येऊन सगळं सपाट करतो. बसणं हेच काम, आणि त्याला चक्क डेडलाइन! मी शुक्रवारी त्रेचाळीस गोष्टींची यादी केली आणि झोपण्याआधी सगळ्यांवर टिक करून टाकली.

इथे एक कबुली देते. मी टिक आधी करते, काम नंतर. टिक केली की मन शांत होतं, आणि शांत मनाने काम चांगलं होतं. वीस वर्षांची पद्धत आहे.

घरून, म्हणजे बॉटनी डाउन्सहून, अडीच तास गाडी चालवून आम्ही पोचलो. मिलिंदने डिकी उघडली. आत टॉग्ज (म्हणजे पोहायचे कपडे), टॉवेल, सनस्क्रीन, छोटी शेगडी, चहाचं पातेलं, बटाटेवड्यांचा डबा.

“वर्षा, फावडं कुठाय?”

“टिक केलंय.”

“टिक दिसतेय गं. फावडं दिसत नाहीये.”

ईराने एका कानातून हेडफोन बाजूला केला. “मॉम, सो डिग विथ द टिक.”

जवळच्या डेअरीतली (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात) भाड्याची फावडी केव्हाच गेली होती. मग काय, मी चहाचं पातेलं घेतलं, मिलिंदने उलथणं आणि ईराने डब्याचं झाकण. अर्धा तास आम्ही खणत होतो. पाणी लागलं. बर्फासारखं गार!

“आंघोळीची पाळी येणारे का आज?” मिलिंद गुडघाभर खड्ड्यातून म्हणाला.

“किया ओरा!” शेजारच्या खड्ड्यातून एका आजोबांनी इथल्या पद्धतीने नमस्कार केला. त्यांचं नाव ब्रायन. “यू आर डिगिंग द कोल्ड बिट, लव्ह.” गरम पाणी त्यांच्याकडे होतं, फावडंही होतं, पण गुडघे दुखत असल्याने खड्डा जेमतेम बादलीएवढा झाला होता. मी त्यांना एक वडा दिला. त्यांनी मला फावडं दिलं.

आता मी फक्त आमच्यापुरतं खणायला हवं होतं. तसा प्रयत्नही केला, साधारण दीड मिनिट. पण आजूबाजूला पाहिलं तर काय! एक जर्मन जोडपं एकीकडे खणतंय, कॉलेजची पाच मुलं दुसरीकडे, आणि एकाची वाळू दुसऱ्याच्या खड्ड्यात. ही काय पद्धत झाली?

पुढच्या दहा मिनिटांत तिथे एकच मोठा तलाव आणि तीन गट होते: खणणारे, भिंत थापणारे आणि थंड पाणी मिसळणारे. (खालचं पाणी इतकं गरम, की त्यात बटाटे उकडले असते.) पाळी बदलायची वेळ झाली की मी पातेल्यावर उलथणं वाजवायची. “स्वीट ॲज, बॉस!” ब्रायन ओरडायचे. (म्हणजे ‘झकास’.)

तलाव भरला. सगळे ऐसपैस बसले, वडे फिरले. जर्मन बाईंनी डोळे मिटले.

“वर्षा, ये आता,” मिलिंद म्हणाला. “मंगळवार आठव.”

“आलेच. ही भिंत झिरपतेय.”

“झिरपू दे गं!”

“बॉस, सिट!” ब्रायन म्हणाले.

“दोनच मिनिटं. कोपरा थापते.”

तेवढ्यात ईराने हेडफोन काढले. दोन्ही! आणि जी मुलगी वर्षभर माझ्याशी मराठीत बोलली नव्हती, ती म्हणाली, “आई, ये ना गं. माझ्याजवळ बस.”

मी उलथणं टाकलं आणि एक पाय पाण्यात घातला. अहाहा!

त्याच क्षणी पहिली लाट आली. माझ्या वेळापत्रकानुसार समुद्राच्या हातात अजून अठरा मिनिटं होती. त्याने ते वाचलं नसावं. भिंत गेली, तलाव गेला, उरलेले वडे गेले. पातेलं तरंगत निघालं आणि त्याच्यामागे मिलिंद.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “बसलात?”

मी यादी पुढे केली. क्रमांक त्रेचाळीस: ‘दहा मिनिटं काहीही न करता बसणे’. पुढे ठसठशीत टिक. सोबत आलेल्या मिलिंदने शांतपणे फोन पुढे केला. ईराने काढलेला फोटो: अख्खा बीच पाण्यात पाय पसरून बसलाय, आणि मध्यभागी उभी राहून मी उलथण्याने पूर्वेकडची भिंत दाखवतेय.

डॉक्टरीणबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग आणखी दोन आठवडे लिहून दिले.

रजा संपायच्या आधीच्या शनिवारी ओहोटी पुन्हा भर दुपारी आहे. ईरा स्वतःहून येते म्हणाली, तिच्या शेजारची जागा माझी. बसायचं राहिलंय, ते या वेळी नक्की बसणार. फावडं तर मी आजच गाडीत ठेवलंय.

म्हणजे, टिक केलंय.