सोललेले शिंगाडे

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. आज या गावची, परवा त्या गावची. दुपारी मैदानात नाचगाण्याची दंडार रंगते, गुरं राखणारे गोवारी मोरपिसं बांधलेली ढालीची काठी नाचवत येतात, जिलेबीवाले नि बांगड्यावाले एका गावातून दुसऱ्या गावाकडे सरकत राहतात. पण खरी मंडई म्हणजे पाहुणे. मंडईच्या दिवशी ज्या घरी कोणी आलं नाही, त्या घरच्या बाईला शेजारणी मुद्दाम विचारतात, "तुमच्याकडे कोण कोण आलं मग?"

मला आंबागडला दिलं ते सत्तर सालानंतर. घरात आम्ही तीन सुना. थोरलीला चार भाऊ, मधलीला दोन, मला एकही नाही. आई माझ्या लहानपणीच गेली. मोहाडीकडच्या एका खेड्यात बाबा एकटे राहत, स्वतःच भात रांधून खात. माझं सगळं माहेर म्हणजे तो एक माणूस. आमच्या मंडईला ते सायकल हाणत यायचे. दोन दिवसांनी त्यांच्या गावची मंडई असायची, तिला मला कॅरियरवर बसवून न्यायचे. वर्षभर त्या भरल्या घरात मी एकटी असे. भांडी माझी, गोठा माझा, आणि बोलायला कोणी नाही. बाबांची सायकल अंगणात लागली की मला वाटे, आता मीही कोणाची तरी आहे.

एका वर्षी ते आले ते अगदी घामाघूम. वाटेत चेन पडलेली, दोन्ही हात काळे, धोतराचा काठ फाटलेला. थोरलीचे भाऊ खाटेवर बसले होते, धुतलेल्या शर्टांत. नणंद पदराआड हसली. मला इतकी लाज वाटली की विचारू नका. बाबांची नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते, पण बाबांचीच वाटली. विहिरीवर त्यांच्या हातावर पाणी घालताना मी फटकन बोलले, "पुढल्या सालापासून तुम्ही नका येत जाऊ. मीच येईन."

ते म्हणाले, "बरं."

माझ्या जिभेला हाड नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी बोलले आणि विसरले.

पुढच्या वर्षी धान उशिरा पिकलं, तशा मंडयाही पुढे-मागे झाल्या. आमच्या मंडईच्या दिवशी मी पहाटेच उठून लाखोरीच्या डाळीचे वडे केले. बाबांना ते फार आवडायचे. थोरलीचे भाऊ आले, मधलीचे आले. मी आपली एक डोळा चुलीवर, एक डोळा वाटेवर. दुपारी सगळे दंडार बघायला गेले. मी दारातच. सासूबाई म्हणाल्या, "आता काय येते तुझा बाप, जेवून घे." मी जेवले नाही. दिवस गावच्या किल्ल्यामागे गेला तरी वडे तसेच झाकलेले होते. मग मधलीच्या भावांनी ते खाल्ले आणि चांगले झाले म्हणाले.

मला राग आला. असा राग की त्यांच्या मंडईचा दिवसही मी विचारला नाही, तीन आठवडे माहेरचं नाव काढलं नाही. लेक मेली की जगली, बघायचं नाही का? सायकल मोडली असेल, अंगात ताप असेल, असं काही मनात येई. पण लगेच वाटे, निरोप तरी धाडायचा. कापणी चालू होती, निमित्त आयतंच होतं. मी विळा चालवत राहिले आणि कोणाशी धड बोलले नाही.

मग तुमसरच्या बाजारात आमच्या बाबांच्या शेजारची काकू भेटली. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "काहून वं, मंडईले आली नाईस? तुहा बाप दिवसभर फाट्यावर बसून होता. एकेक येष्टी पाहे."

"कोणत्या दिवशी?"

तिनं वार सांगितला. तो आमच्याच मंडईचा वार होता. त्या साली दोन्ही गावांची मंडई एकाच दिवशी आली होती. मी त्यांच्यासाठी दारात बसले होते आणि ते माझ्यासाठी फाट्यावर. विहिरीवरचं माझं बोलणं तेव्हा मला आठवलं. बाजाराची पिशवी सोबतिणीच्या हाती देऊन मी तशीच मोहाडीच्या गाडीत बसले.

बाबा अंगणात दोरी वळत होते. वाळले होते. मला पाहून उठले, पाणी आणलं, आणि काही न विचारता घरातून पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात शिंगाडे होते, सोललेले. लहानपणी शिंगाड्याचा काटा माझ्या बोटात मोडला होता आणि मी गाव डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून ते मला सोलूनच देत. मंडईच्या सकाळी तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवराकडून त्यांनी टोपलीभर आणले होते, आणि फाट्यावर बसून येष्टीची वाट पाहत एकेक सोलला होता. आता ते वाळून दगड झाले होते.

मी एक तोंडात टाकला. दातानं फुटेना. तसाच गालात धरून बसले आणि रडले.

"वाळले तर वाळले," बाबा म्हणाले. "दळून घेजो. उपासाले होते."

"एखादा निरोप तरी धाडायचा, बाबा."

"तू येतो म्हणाली होतीस ना. मंग निरोप कायले?"

त्यांनी भात टाकला, आम्ही दोघं जेवलो. चारच्या गाडीला ते मला पोचवायला आले. फाट्यावर एक चपटा दगड आहे, त्यावर बसलो. दगडाखाली शिंगाड्याची काळी सालं अजून पडली होती. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "बाबा, पुढल्या साली मी नक्की..."

त्यांनी हळूच हात सोडवून घेतला.

"आता काही बोलू नको, बाई," ते म्हणाले. "तू बोलून जातेस, अन् मी धरून बसतो."

मी तोंड मिटलं. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडे पाहत बसलो.