सूचीतून काढलेलं नाव

जगूभाई गेले, हे सकाळी बोर्डीहून आलेल्या फोनवर कळलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू... पण त्याच्याही आधी मनात आलं, चला, आता ते कुणाला काही सांगणार नाहीत. दीड महिना झाला, तरी त्या विचाराची लाज गेलेली नाही. मी मुळातच संशयी. इतका सरळ मित्र लाभला, तर त्याच्या सरळपणातच काहीतरी शोधत बसलो.

ते तिथल्या वाचनालयाचे ग्रंथपाल. कुठलंही पुस्तक शेवटून उघडत. आधी सूची, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पानावर ते, मग अनुक्रमणिका, मग तळटीपा; मजकूर सगळ्यात शेवटी. शाळेतल्या मुलांनाही तेच शिकवत, हवं ते कुठे आहे ते आधी बघा, मग वाचा. ज्या पुस्तकाला सूची नसे त्याची ते स्वतः करत आणि शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवत.

रानातल्या औषधी झाडांवरचं माझं पुस्तक छापायला निघालं तेव्हा सूची साहजिकच त्यांच्याकडे गेली. माहितीसाठी आम्ही दोघं तलासरीची बस पकडून झरीला जायचो, लखमीआयकडे. ती नुसता पाला चुरगळून, वास घेऊन झाड सांगायची. पुस्तकात मी तिला जागोजागी ‘एक वृद्ध आदिवासी स्त्री’ करून टाकलं होतं. जगूभाईंच्या सूचीत मात्र तिचं नाव होतं आणि पुढे ओळ भरून पानांचे आकडे. माझं टाळकंच फिरलं. मला उघडं पाडायचा हा डाव आहे, असं वाटलं.

“हे घालायला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“सांगायला कशाला पायजे? पानापानावर बसलीय ती. वाचणाऱ्याला सापडायला नको?”

मी छापखान्यात जाऊन ती ओळ काढायला लावली. छापील प्रत त्यांनी शेवटून उघडली, बोट ‘ल’पाशी थांबलं... आणि पुस्तक मिटून त्यांनी चहा मागवला. त्यानंतर त्याबद्दल अवाक्षर नाही. त्या गप्प बसण्यावर मी सात वर्षं संशय घेतला. ते कुणाशी हसताना दिसले तरी वाटे, माझ्याबद्दलच चाललंय. मधल्या काळात लखमीआयही गेली.

परवा वाचनालयात गेलो, तर माझ्या पुस्तकाची तिथली प्रत आपसूक शेवटच्या पानावर उघडली. तिथे चिकटवलेली चिठ्ठी, त्यांच्या बारीक अक्षरात. ‘लखमीआय, झरी’ आणि पुढे सगळे आकडे. खाली माझंही नाव होतं, पण त्यापुढे आकडा नव्हता. फक्त लिहिलं होतं, ‘पाहा : लखमीआय’.

पुन्हा डोकं तापलं. म्हणजे सात वर्षं हे गावासमोर उघडं होतं तर! खुर्ची ओढली आणि एकेक पान ताडून बघायला लागलो, एखादा तरी आकडा चुकला असेल म्हणून. एकही चुकला नव्हता. फक्त एक राहिला होता. कुड्याची साल उगवतीच्या अंगाची काढावी, हे त्रेसष्टाव्या पानावर मी ‘माझ्या पाहण्यात आले आहे’ असं लिहून टाकलंय. तेही तिनेच सांगितलं होतं. त्या दिवशी जगूभाई तापाने घरी होते. आता हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

त्यांच्या टेबलावरचं पेन अजून दोऱ्याने बांधलेलंच आहे. दोरा पुरेना, म्हणून पुस्तक जवळ ओढलं आणि त्यांच्या शेवटच्या आकड्यापुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं, ६३.