वालीव की कळंब

आमच्या घरात कॅनडातल्या दोन शहरांना आमच्याच भागातल्या वालीव आणि कळंब या गावांची नावे पडली होती. ती कशी पडली हे आधी सांगतो, कारण पुढचा घोटाळा त्या नावांनी केला आणि निस्तरलाही त्यांनीच.

मुलगी एकुलती एक. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरी करत होती. कामाची तिला मनापासून आवड. घरी पेल्यात पाणी ओतले तरी पिण्याआधी एकदा उजेडाकडे धरून पाहणार. तिने कॅनडात कायमचे जायचे ठरवले आणि तशी परवानगीही मिळाली. राहायचे कुठे, हे मात्र ठरेना. एक शहर मोठे, समुद्रापासून दूर, कडाक्याच्या थंडीचे. तिथल्या एका प्रयोगशाळेने तिला तिच्याच कामाची नोकरी देऊ केली होती. दुसरे शहर लहान, समुद्राकाठचे, थंडी बेताची. तिथे तिची मैत्रीण राहत होती आणि तिच्या ओळखीने औषधांच्या दुकानात काउंटरवरचे काम मिळण्यासारखे होते.

एका रविवारी सकाळी पत्नी ओटीवर वाल सोलत बसली होती. मुलगी तिला शहरांची नावे शिकवत होती. ती तिच्या जिभेवर बसेनात.

“सोपं आहे गं आई. परत म्हण.”

“मला नाही म्हणायचं. गर्दीचं आणि कामधंद्याचं ते वालीव. समुद्राचं ते कळंब. झालं.”

“अगं, तिथे वालीवसारखं काही नाही.”

“गर्दी आहे ना? मग वालीवच.”

मुलगी हसली. नावे राहिली ती राहिली.

आता, वालीव हे नाव आमच्या घरात साधे नव्हते. माझी सगळी नोकरी वालीवच्या एका लहान कारखान्यात झाली. सकाळी केळी-मोगऱ्याच्या वाडीला पाणी लावून मी स्कूटरने वालीव गाठत असे, आणि संध्याकाळी मोरीत हातपाय धुता धुता वालीवचा उद्धार करत असे. धूळ, खड्डे, धूर, मालकाचा मेहुणा. मुलगी हे ऐकत मोठी झाली. कळंबचे नाव मात्र ती दर रविवारी ऐकायची. दुपारचे ऊन उतरले की मी तिला स्कूटरवर पुढे उभी करून कळंबच्या किनाऱ्यावर नेत असे. तेव्हा नावे पडली तिथेच निम्मा निकाल लागला होता. हे मला फार उशिरा उमगले.

पुढे घरात दुसरा विषय राहिला नाही. वालीवला भाडे फार. कळंबला पाऊस फार. वालीवला बर्फ गुडघाभर साचते. कळंबला भाजी महाग आहे. पत्नीने मंडईत, देवळात, शिवणाच्या बाईकडे, सगळीकडे हा वाद पोहोचवला. मी मत दिले नाही.

“बाबा, तुम्ही काहीच बोलत नाही,” मुलगी एकदा म्हणाली.

“जायचं तुला आहे.”

“म्हणून काय झालं? मत तर असेल.”

“विचारून घेतलेलं मत पुढे नडतं. तू ठरव.”

“बघा हं. मग म्हणू नका.”

मी म्हणणार नव्हतो. पण पाहत होतो. ती हळूहळू कळंबकडे कलत होती, आणि त्याची कारणे सांगताना तिचा आवाज पाठ केलेला धडा म्हटल्यासारखा लागत होता. हवा चांगली. शांतता आहे. मैत्रीण आहे. प्रयोगशाळेचा विषय ती काढत नव्हती. जिथे तिचे खरे काम होते तिकडे ती पाठ फिरवत होती, आणि का, ते मला कळत नव्हते.

ते समोरच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांमुळे कळले. हे गृहस्थ मूळचे कोकणातले, बँकेतून निवृत्त झालेले. हौस म्हणून जागांचे व्यवहार जुळवून देतात. एका संध्याकाळी ते आले आणि खुर्चीत बसण्याआधीच रुसले.

“भाऊ, आम्ही परके झालो का हो?”

“काय झालं?”

“कळंबला जागा घेताय आणि मला पत्ता नाही. मंडईत वहिनींच्या तोंडून ऐकायचं मी? वालीव की कळंब चाललंय म्हणून?”

मी काही बोलणार तोच त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “हे बघा. वालीवचं सोडा. तिथे माझ्याकडे गाळे आहेत, राहायला नव्हेत. पण हे कळंबचं घर बघा. मागे विहीर, पुढे सुरूची झाडं, दोन पायऱ्या उतरलात की वाळू. मालक माझ्या शब्दाबाहेर नाही.”

स्वयंपाकघरातून पत्नीचे हसू ऐकू आले. ती पदराने डोळे पुसतच बाहेर आली. “भावोजी, ते हे कळंब नव्हे हो. ते कॅनडातलं.”

“कॅनडात कळंब आहे?”

“आमचं आहे.”

त्यांना सगळे समजावून सांगायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला. समजल्यावर ते आणखी रागावले.

“मग तुमच्या मुलीने मला का तसं सांगितलं?”

“तिने काय सांगितलं?” मी विचारले.

“परवा फाटकात भेटली. मी म्हटलं, काय गं, कळंब पक्कं का? म्हणाली, बहुतेक हो, काका. बाबांना समुद्र लागतो ना. वालीवला एक दिवस टिकायचे नाहीत. कळंबला समुद्रासाठी तरी येऊन राहतील. आता इतकं ऐकल्यावर मी काय समजायचं? म्हणून तर हातातली दोन घरं सोडून लाटेला लागून असलेलं शोधलं. मालकाला काय सांगू आता?”

“सांगा, गिऱ्हाईक विमानाने गेलं,” पत्नी म्हणाली.

ते दोघे हसले. मी चहाचा कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

मुलगी माझ्यासाठी शहर निवडत होती. मी वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी महिनाभर जाऊन राहीन, तेवढ्या महिन्यासाठी ती उरलेले सगळे महिने दुकानातल्या काउंटरमागे उभी राहणार होती. आणि तेही एका चुकीच्या समजुतीवर. मला समुद्र लागतो, असे मी जन्मात कधी म्हटलेले नाही.

आम्ही वाडीवाले. आमचे पाणी गोडे. वाडीच्या टोकाला आमचे बावखल आहे. बावखल म्हणजे पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारे तळे. उन्हाळ्यात केळी आणि मोगरा त्याच्यावर तगतात. आजूबाजूची बहुतेक बावखले भरणी टाकून बुजवली गेली आणि त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. शेजाऱ्यांची इमारतही त्यातलीच. त्यांच्या तळमजल्याला पावसाळ्यात ओल येते तेव्हा मी बोलत नाही. आमचे बावखल मी राखले. त्यात जलपर्णी फार माजते. ती काढायचे काम मी कोणाला देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच करत होतो. मुलगी चहा घेऊन आली. काठावरच्या दगडावर कप ठेवून निघाली.

“थांब,” मी म्हणालो. “कळंब ठरलं?”

“जवळजवळ.”

“का?”

“सांगितलं की. हवा चांगली आहे, शांत आहे...”

“मला समुद्र लागतो, हे तुला कोणी सांगितलं?”

ती परत काठाशी आली. मग म्हणाली, “काका ना? त्यांच्या पोटात काही राहत नाही.”

“काकांचं सोड. विचारलं त्याचं उत्तर दे.”

“सांगायला कशाला हवं कोणी? मी बघितलंय. लहानपणी आपण कळंबला जायचो. तुम्ही सुरूखाली बसायचात आणि नुसतं समुद्राकडे बघत राहायचात. शेंगदाण्याची पुडी तशीच हातात. मी हाका मारल्या तरी नजर हलायची नाही. इतका वेळ तुम्ही दुसऱ्या कशाकडे बघताना मला आठवत नाही, बाबा. वालीवहून आल्यावर तर आमच्याकडेही बघायचा नाहीत.”

मी हातातली जलपर्णी काठावर टाकली.

“समुद्रात कोण होतं?”

“म्हणजे?”

“मी समुद्राकडे बघत होतो तेव्हा समुद्रात कोण होतं?”

तिने बावखलाकडे पाहिले.

“तू होतीस,” मी म्हणालो. “मला पोहता येत नाही. पोहता न येणाऱ्याने काय करायचं? नजर काढायची नाही, एवढंच हातात.”

ती काठावर बसली. फ्रॉकमधली असताना बसायची तशीच, पाय पाण्याकडे सोडून.

“मला समुद्र आवडत नाही,” मी पुढे म्हणालो. हे एकदाच बोलायचे होते, म्हणून पुरते बोललो. “खारा वारा. चपलांत वाळू. त्या पाण्यावर अळूचं एक पान उगवायचं नाही.”

“मग नेत का होतात दर रविवारी?”

“तू सकाळपासून चपला दारात लावून ठेवायचीस.”

ती आधी हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “बाबा, सातवी-आठवीनंतर मला कंटाळा यायचा हो. मैत्रिणींकडे जायचं असायचं. पण तुम्हाला इतकं आवडतं म्हणून मी चपला काढून ठेवायचे.”

म्हणजे काही वर्षे आम्ही दोघे दर रविवारी नेमाने समुद्रावर जात होतो, आणि दोघांपैकी कोणालाही समुद्र नको होता. मी थंड झालेला चहा प्यायलो.

“पण वालीवचं काय?” तिने सोडले नाही. “वालीवला तर तुम्ही रोज शिव्या द्यायचात.”

“द्यायचो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जायचो. मला कोणी बांधून नेत नव्हतं.”

“पोटासाठी जायचात.”

“पोटाला वाडी होती. यंत्रावरून उतरलेला भाग माप तपासायच्या गेजमध्ये बरोबर बसला की बरं वाटायचं. म्हणून जायचो. धुळीला शिव्या दिल्या, कामाला नाही. ते घरी सांगायचं राहिलं.” मी तिच्याकडे पाहिले. “तू पाण्याचा पेला उजेडाकडे धरतेस. त्या दुकानात काय धरणार आहेस उजेडाकडे? गोळ्यांची पाकिटं?”

ती पाण्याकडे पाहत होती. “आणि तुम्ही? त्या थंडीत याल?”

“उन्हाळा असतो का तिथे?”

“असतो. थोडासाच.”

“थोडा पुरे.”

“नक्की?”

“मी एकदा बोललो की पुन्हा विचारायचं नाही, हे तुला ठाऊक आहे.”

तिने रिकामा कप उचलला. “चहा गार झाला होता ना? दुसरा आणते,” म्हणाली आणि मान वळवून झपाझपा केळींमधून गेली. दुसरा चहा यायला बराच वेळ लागला. चहा पत्नीने आणला.

“काय बोललात तिला? रडतेय आणि हसतेय.”

“वालीव ठरलं.”

“वालीव?” पत्नी दगडावर बसलीच. “अहो, आणि मी सगळ्यांना कळंब सांगून बसलेय! शिवणाच्या बाईला तर परकर-झंपर सोडून गरम कपड्यांची चौकशीसुद्धा करू नकोस म्हटलं.”

“आता कर म्हणावं.”

मुलगी गेली. विमानतळावर मी तिची बॅग ढकलगाडीवर नीट लावून दिली. तिने ती आडवी ठेवली होती. पत्नी रडली. शेजारी आमच्याबरोबर आले होते. परतताना गाडीत ते म्हणाले, “भाऊ, कळंबचं ते घर अजून आहे हं.” पत्नी रडता रडता हसली. त्यासाठीच त्यांनी ते म्हटले असावे. तळमजल्याच्या ओलीबद्दल मी पुढेही काही बोलणार नाही.

आमची सकाळ असते तेव्हा तिच्याकडे संध्याकाळ असते. ती रोज मोबाइलवर दिसते. पत्नी विचारते, “वालीवला बर्फ पडलं का?” ती खिडकीतून दाखवते. प्रयोगशाळेतले पांढरे कपडे घालून तिने एकदा फोटो पाठवला. हातात काचेची नळी होती आणि ती उजेडाकडे धरलेली होती. तो फोटो पत्नीने देवघराशेजारी लावला. मी काढायला सांगितले नाही.

मग थंडी कमी झाल्यावर एकदा तिने बाहेरूनच फोन लावला. मागे पाणी होते. लांबवर पाणीच पाणी, वर पक्षी.

“समुद्र आहे की गं!” पत्नी म्हणाली. “तू तर म्हणालीस वालीवला समुद्र नाही.”

“समुद्र नाही, आई. तळं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही इतकं मोठं.”

मी मोबाइल हातात घेतला. “खारट आहे?”

“नाही. गोडं. या शहराला प्यायला हेच पाणी येतं. मी हेच तपासते.”

“मग तळं कशाला म्हणतेस? बावखल म्हण.”

ती हसली. तेव्हापासून आमच्या घरात त्याला बावखल म्हणतात. पत्नीने मंडईत सांगितले. शेजारी विचारायला आले, कोणते बावखल, विकायचे आहे का.

पारपत्रासाठी मी फोटो काढून आलो. फोटोवाल्याने बजावले, काका, या फोटोत हसायचे नसते. मला अडचण आली नाही.

काल फोनवर मुलगी म्हणाली, “बाबा, उन्हाळ्यात तुम्ही आलात की बावखलाच्या काठावर एक बाक आहे. झाडाखाली. तुमच्यासाठी बघून ठेवलाय. नुसतं बसायचं, पाणी बघायचं.”

“तू पाण्यात उतरणार असलीस तर बसेन.”

“उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं हो ते पाणी.”

“मग घोट्यापर्यंत उतर,” मी म्हणालो. “मला तेवढं पुरे.”