चांगुणाचा उजवा हात

चांगुणा उंद्रीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. त्या दुपारी ती भांडी घासत असताना मैदानातून एकदम कालवा उठला. कबड्डी खेळताना तिची समता खाली पडली होती आणि तिच्या अंगावर दोघी-तिघी. पोरी बाजूला झाल्या आणि चांगुणाला भलतंच काही दिसलं. लेकीचा हात मनगट आणि कोपराच्या मधोमध वाकला होता. जिथं सांधाच नसतो, तिथं! हातातलं पातेलं कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही.

"हाडवैद्य रंगरावकडे न्या, तो हाड ओढून बसवते," कुणीतरी म्हणालं. तिच्या नवऱ्यानं, प्रसेनजितनं, ऐकलं नाही. त्यानं सरळ बुलडाण्याचा दवाखाना गाठला.

"दोन्ही हाडं मोडून सरकलीत," डॉक्टरबाई एक्सरे पाहत म्हणाल्या. "ऑपरेशन करू. प्रत्येक हाडाच्या पोकळीत बारीक, लवचीक सळई घालायची. हाड पक्कं जुळलं की काढून टाकायची."

"हाडात सळई?" चांगुणा म्हणाली. "लेकरू आहे हो ते! पलास्तर काऊन नाही करत?"

"नुसत्या पलास्तरात ही हाडं पुन्हा सरकतील. वाकडी जुळली, तर तळहात फिरणार नाही. हे बघा." बाईंनी कोपर अंगाशी धरून तळहात पालथा केला, मग उताणा केला. "करा बरं तुम्ही."

चांगुणाचा डावा हात फिरला. उजवा अर्ध्यावरच अडकला.

बाईंनी तो हात हातात घेऊन चाचपला. "लहानपणी मोडला होता?"

"नाही जी. पडली होती मी बैलगाडीवरून. मायनं हळद लावून फडकं बांधलं होतं. माहा हात पहिल्यापासूनच असा आहे."

त्यांनी तिचाही एक्सरे काढायला लावला. काचेवर दोन हाडं दिसली, मोडून धनुकलीसारखी वाकडी जुळलेली. चांगुणा बघतच राहिली. लहानपणी शाळेत गुरुजी छडी मारायला हात पुढं करायला सांगत. तिचा तळहात पुरता उताणा होईना, म्हणून उद्धट समजून दोन जास्त मारत. तिलाही वाटायचं, आपणच हट्टी.

"करा ऑपरेशन," ती म्हणाली.

समताचा हात सरळ जुळला. पुढच्या वर्षी सळयाही निघाल्या. बाईंनी चांगुणालाही विचारलं, तुमचंही हाड कापून सरळ करता येईल, करायचं का? ती नको म्हणाली. काम अडत नव्हतं.

पण स्वतःचा एक्सरे घेऊन ती मोताळ्याला मायकडे गेली. म्हातारीनं तो उजेडात धरला. चांगुणानं वाकडी जुळलेली हाडं बोटानं दाखवली.

"मोडला होता?" म्हातारी म्हणाली. "अवं, तू तं दुसऱ्याच दिवशी पाणी भराले आली होती माह्यासंगं. मंग रडली काऊन नाही?"

"रडली होती मी, माय."