मागच्या कमानीचे चार पाटे

आमच्या मोटारीची हकीकत आजवर अनेकांनी सांगितली आणि प्रत्येकाने ती चुकीची सांगितली. खरी हकीकत ठाऊक असलेला मी एकटाच, आणि मी आजपर्यंत तोंड उघडलेले नाही. पत्नीजवळसुद्धा नाही. तुम्ही समोर बसला आहात, ऐकून घेण्याची तुमची तयारी दिसते — म्हणून सांगतो.

आधी इतरांची कथने निकालात काढू द्या. माझा पुतण्या सांगत फिरतो की काकांची मोटार कधी चाललीच नाही. साफ खोटे! ती चालली, आणि अशी चालली की घोडबंदर रस्त्यावरचे बैल कान टवकारून उभे राहत. पुतण्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्याला कसला अधिकार? वाकोल्यात मात्र वेगळे सांगतात. मोटार उत्तम होती, म्हणतात, पण माझा जोडीदार बस्त्याव याने बसवलेल्या कमानींनी, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगांनी, घात केला. हे कथन — याच्याकडे मी नंतर येतो. यावेच लागेल.

पन्नासच्या दशकाचा मध्य होता. मी अंधेरीला राहत असे आणि एका कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. बस्त्याव वाकोल्याच्या गावठाणातला ख्रिस्ती. मोटारींचा मेकॅनिक, गळा बँडवाल्याचा आणि गर्व माझ्याइतकाच. आम्ही दोघांनी मिळून सांताक्रूझच्या एका डॉक्टरांच्या शेडमधून युद्धापूर्वीची एक उघडी मोटार उचलली. इंजिन मेलेले होते, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पण अंगाची ठेवण अशी डौलदार की पाहताच आम्ही दोघेही कोंबड्या हुसकायला लागलो.

करार असा ठरला — इंजिन मी निवडायचे, कमानी त्याने. आता मला सांगा, दोन गर्विष्ठ माणसांनी एक मोटार अशी वाटून घ्यावी काय? इंजिनाच्या वजनावर कमान ठरते, एवढे शाळकरी ज्ञान मला नव्हते असे नाही. कुर्ल्याच्या भंगारात लष्करी लिलावातली दोन इंजिने पडली होती. एक जीपचे, चार सिलिंडरचे, आटोपशीर. दुसरे लॉरीचे, सहा सिलिंडरचे, भले थोरले. बस्त्यावने जीपच्या इंजिनावर हात ठेवला. मी लॉरीचे इंजिन चालू करायला लावले, आणि तो आवाज ऐकल्यावर — नाही, कारणे देत नाही. आवाजासाठी घेतले.

“दाम्या, नाक भुईला टेकंल,” बस्त्याव म्हणाला. “मोटार हाय का नांगर?”

“कमानी तुझ्या आहेत ना?” मी म्हणालो. “मग तू बघ.”

त्याने खरोखर पाहिले. पुढे त्याने भक्कम कमानी घातल्या, मागे माणसांच्या वजनाला पुरून उरतील अशा, एकावर एक रचलेल्या नव्या पोलादी पाट्यांच्या कमानी बांधल्या. तरीही नाक झुकलेच. थोडेच, पण झुकले. उभी मोटार जमिनीवर हरवलेले काही शोधत असल्यासारखी दिसे. येणारा-जाणारा हसून विचारी, “काय सापडलं का रे?” बस्त्यावही त्या हसण्यात सामील होई. मला मात्र ते जिव्हारी लागे. कारण ते नाक माझ्या निवडीचे होते.

त्यातच बस्त्यावचे लग्न ठरले. वधू फिलू, गावठाणातलीच. तिचे वडील पेद्रूमामा यांची रस्त्याला लागून मोकळी जागा होती, आणि बस्त्यावला हवे होते स्वतःचे गॅरेज. पेद्रूमामांनी चारचौघांत शब्द दिला, “माझी पोर तुमच्या मोटारीतून नीट देवळात पोचली, की जागा तुझी.” त्यांच्या देवळाला आपण चर्च म्हणतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्यात उंबराचे पाणी आणण्याची रीत असते. सारे गाव बँड लावून नाचत विहिरीवर जाते. त्या दुपारीही गेले, नवरदेवासकट. मोटारीपाशी मी एकटा उरलो. उद्या सारा वाकोला त्या झुकलेल्या नाकाला हसणार, हे डोळ्यांपुढून हलेना. पुढचे नाक वर उचलणे शक्य नव्हते. पण मागची बाजू खाली आणता आली तर?

मी जॅक लावला. मागच्या दोन्ही कमानी सोडवल्या, प्रत्येकीचे दोन पाटे काढले आणि कमानी पुन्हा बांधल्या. मोटार खाली टेकवली — काय सांगू, रेषेत बसली! ड्रॉइंगबोर्डावर आखल्यासारखी. चारही पाटे गोणपाटात गुंडाळून मी सायकलला बांधले.

घामाघूम बस्त्याव परतला आणि थबकला. आता पकडला गेलो, असे मला वाटले. त्याने सासऱ्याला हाक मारली.

“मामा, बगा! बसल्या ना माझ्या कमानी? नवीन कमानीला बसायला वेल लागतो, मी सांगत नव्हतो?”

त्या क्षणी बोलता आले असते. आले नसते काय?

दुसऱ्या दिवशी मागे वधू, तिची धर्ममाता, भरदार अंगाच्या दोन आत्या, आणि त्यांच्या मांडीवर फुग्यांची टोपली — त्यांच्या लग्नातले तळलेले गोल पाव. बस्त्याव रीतीप्रमाणे देवळाच्या दारात उभा. चालवीत होतो मी. वाटेतल्या मोरीच्या उंचवट्यावर मोटार उसळली, मागून खाली बसली ती उठलीच नाही. चाके मडगार्डला घासू लागली, धूर निघाला, आणि एक टायर असा फुटला की बँडवाल्यांना तो फटाका वाटून त्यांनी सूर चढवला. आत्या ओरडत होत्या. फिलू हसत होती. ती फुगा खात खाली उतरली आणि रेशमी लुगडे सावरत बँडबरोबर पायी देवळात गेली. लग्न झकास झाले, हे मी शपथेवर सांगतो.

हसले नाहीत फक्त पेद्रूमामा. त्यांनी सर्वांसमोर मला विचारले, “दामोदर, तू शिकलेला मानूस. खरं सांग. चूक इंजिनाची का कमानीची?”

मी म्हणालो, “इंजिन तर अजून चालू आहे, मामा.”

आणि ते चालू होते. सहाही सिलिंडर. वाक्यात एक अक्षर खोटे नव्हते — अशी वाक्ये रचणे मला तेव्हापासूनच उत्तम जमते.

जागा मिळाली नाही. बस्त्यावने बोरीवलीत दुसऱ्याच्या गॅरेजात उमर काढली, आणि गावठाणात त्याचे नाव ‘कमान’ पडले. नातवंडेही त्याच नावाने ओळखली जातात. वाकोल्याचे कथन हे असे आहे. ते खोटे आहे. कमानी निर्दोष होत्या. इंजिन जड होते, ते मी निवडले. पाटे मी काढले. आणि विचारले तेव्हा मी असे बोललो.

चारपैकी तीन पाटे मी भंगारात दिले. चौथ्याचा घाटकोपरच्या लोहाराकडून कोयता घडवून घेतला आणि बस्त्यावला त्याच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला भेट दिला. का? ठाऊक नाही. बहुधा तो पाटा त्याच्या घरी असावा, असे वाटले.

बस्त्याव अजून आहे. मी गेलो की तो त्याच कोयत्याने नारळ फोडतो. एका घावात, या वयातही. दर वेळी पाते उलटेसुलटे करून म्हणतो, “काय पोलाद हाय रे, दाम्या! असलं मला तवा मिलालं असतं, तर कमान बसली नसती.” आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवतो.

मी तो खातो.