मागघरातली डबी

पवनीच्या हिरालालनं विणलेल्या कोशाच्या रेशमी पातळाला कुणी नावं ठेवली तर तो हसून सोडून देई. पण 'तू गोळी चुकवतोस' म्हटलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आणि हल्ली जो तो त्याला हेच म्हणत होता.

दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा बायकोनं, रुखमिणीनं, आपली एक किडनी त्याला दिली. शरीरानं ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल घ्यायची, जन्मभर. वेळ झाली की मागावर सरसरणारा हिरालालचा धोटा जागच्या जागी थांबे. तरी नागपूरच्या दर तपासणीत रक्तातलं औषध कमीच भरे.

"खरं सांगा, मध्ये मध्ये विसरता ना?" डॉक्टर विचारत.

"नाही जी, एकही नाही."

डॉक्टर मान हलवत आणि डोस वाढवत. त्या मान हलवण्याचाच हिरालालला जास्त राग येई.

घरी तर त्याहून वाईट. "म्या पोट फाडून देल्ली, अन् तुमाले गोळी गिळाले जीवावर येते?" रुखमिणी म्हणे.

"मी घेतो वं रोज."

"मंग रक्त काहून खोटं बोलते?"

माणसाशी भांडता येतं, रक्ताशी कसं भांडायचं?

खरं तर तो औषधाला डोळ्यात तेल घालून जपत होता. औषध थंड जागी ठेवा, असं दुकानदारानं बजावलं होतं. घरावर टिनाचे पत्रे, उन्हाळ्यात आतली खोली तव्यासारखी तापे. घरात थंड जागा एकच, विणायच्या मागाची खोली, मागघर. कोशाचा धागा कोरड्या हवेत तटातट तुटतो, म्हणून तिथं जमिनीवर पाणी शिंपडायचं, खिडकीला ओलं पोतं टांगायचं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलं की हाताशी येईल अशा कोनाड्यात त्याची पितळी डबी असे. विणता विणता पाकीट फाडत बसायला नको, म्हणून महिन्याच्या सगळ्या कॅप्सूल तो एकदमच सोलून डबीत भरी.

शेवटी वैतागून त्यानं ती डबीच नागपूरला नेली, पुरावा म्हणून; रुखमिणीही बरोबर होती. डॉक्टरांनी औषध विभागातल्या कीर्तीमॅडमना बोलावलं. त्यांनी एक कॅप्सूल चिमटीत धरली. ती नरम पडली होती.

"अशी उघडी ठेवता, काका?"

"थंड जागी ठेवतो जी, ओल्या मागघरात."

कीर्तीमॅडमनी ती नरम कॅप्सूल त्याच्यासमोर धरली. "जत्रेतले बुढ्ढी के बाल दमट हवेत ठेवले तर काय होतं?"

"चिकटते, मंग त्याचा गोळा होते."

"तसंच झालंय. या औषधाचे कण मुद्दाम विस्कटलेले ठेवतात, म्हणून ते पोटात चटकन विरघळतं. ओल शिरली की कण सैल होतात, सरकतात आणि खडीसाखरेसारखे घट्ट जमून बसतात. उष्णतेनंही होतं ते, आणि ओल असली तर थोडी उष्णताही पुरते. मग तुम्ही गोळी गिळता, पण बरंचसं औषध रक्तात पोचतच नाही. जागा थंड हवी, पण कोरडीसुद्धा. आणि घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची."

हिरालाल डॉक्टरांकडं वळला. "म्हंजे मी चुकवली नव्हती."

"नव्हती," डॉक्टर म्हणाले. "माझंच चुकलं. पण औषध कमी पडून किडनीचं जे नुकसान झालं ते भरून येणार नाही. उरली आहे ती जपू."

परतीच्या एसटीत हिरालाल धुमसत होता. इतके महिने खोटारडा ठरवलं, आता ही एक शब्द तरी बोलेल की नाही? बायकोकडं न बघता तो खिडकीबाहेर बघत राहिला. भिवापूर मागं पडलं तेव्हा रुखमिणीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"तुमाले खोटारडा म्हटलं, चुकलं माह्यं," ती म्हणाली. "पण आता जपा जी. देयाले माह्यापाशी दुसरी नाही."